दोन अक्षरांची खोली

"एलएस लिही," पंतोजी म्हणाला.

"कशाला?"

"लिही तर. एल, एस आणि एंटर. म्हणजे या फोल्डरच्या खोलीत काय काय आहे ते कॉम्प्युटर सांगेल."

भिंगरीनं टाईप केलं. काळ्या पडद्यावर एकच शब्द उमटला आणि त्याच्याखाली पांढरी पट्टी पुन्हा लुकलुकायला लागली. माऊस हलवून उपयोग नव्हता, कारण हलायला बाणच नव्हता. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, कुठे टिचकी मारायची सोय नाही. टायपिस्ट आजोबांचा कॉम्प्युटर काल दुरुस्तीहून परत आला तो असा, घरातल्या माणसांनाच ओळख न देणारा. म्हणे मशीन जुनं झालं, आता त्यात हलकीच सिस्टिम चालेल. दुरुस्तीकाकांनी ती टाकली, चार आज्ञा लिहिलेला एक कागद पडद्याच्या कडेला चिकटवला आणि ते निघून गेले. आजोबा या सिस्टिमवर काम कसं करणार, हे विचारायचं काही त्यांना सुचलं नाही.

तळमजल्यावरच्या याच खोलीत आजोबांनी चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता. आता बाकं गेली, टायपरायटर एकेक करून गेले, आणि खिडकीखाली एकच उरला होता, डोक्यावर रेक्झिनची टोपी घालून बसलेला. भिंगरी आणि तिची धाकटी बहीण वरच्या मजल्यावर राहायच्या. धाकटी नऊ वर्षांची. मोठी जाईल तिथे मागोमाग जायची म्हणून सगळे तिला शेपूट म्हणायचे. पंतोजी त्यांचा मामेभाऊ, सुट्टीला आलेला. त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त होती. आणि भिंगरीला भिंगरी हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ते चुकीचं ठेवलं असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. बारा वर्षांत ती एकदाही जिना एकेक पायरीनं उतरली नव्हती.

काम आजोबांनीच दिलं होतं. शेवटच्या वर्षी आजीला दिसेनासं झालं, तेव्हा तिनं आपल्या आठवणी सांगायला सुरुवात केली. आजी बोलायची आणि आजोबा टाईप करायचे. आजीला जाऊन आता दोन महिने झाले होते. पुढच्या रविवारी तिची धाकटी बहीण यायची होती आणि तोवर त्या सगळ्या आठवणी छापून तिच्या हातात ठेवायचं आजोबांनी कबूल केलं होतं.

"तेवढं शोधून द्या रे," जेवणानंतर ते म्हणाले होते. "मला तर यात शिरायला दारच दिसत नाही." मग ते आतल्या खोलीत पडायला गेले.

"आजोबा उठायच्या आत शोधायचं," भिंगरीनं जाहीर केलं. "उठून बघतात तर काय, सगळं समोर हजर!"

पंतोजीनं कागद वाचून दाखवला. पीडब्ल्यूडी म्हणजे मी कुठे आहे. एलएस म्हणजे इथे काय आहे. सीडी आणि पुढे नाव लिहिलं की त्या खोलीत शिरायचं, आणि सीडीपुढे दोन टिंबं दिली की एक जिना वर.

"आणि नुसतं सीडी?" शेपटानं विचारलं.

"मग थेट घरी. कुठेही भरकटलेलो असलो तरी."

"छान आहे. आपल्याला मात्र चालत यावं लागतं."

भिंगरी भरकटलीच. दोन टिंबं, एंटर, दोन टिंबं, एंटर असं करत ती एका दमात सगळ्यांत वरच्या मजल्यावर पोचली. तिथे वीसेक अनोळखी नावं रांगेत उभी. एकात शिरली, तिथून दुसऱ्यात, आणि पाचव्या मिनिटाला आपण कुठे आहोत हे तिचं तिलाच कळेना. पंतोजीनं शांतपणे सीडी टाईप केलं आणि तिला घरी आणलं.

"दर खेपेला आधी कुठे आहे ते विचार, मग काय आहे ते बघ, मग पाऊल टाक," तो म्हणाला.

"तुझं हे विचार-बघ-टाक होईस्तोवर सुट्टी संपेल."

घरात एकच खोली होती. तिचं नाव इंग्रजी अक्षरांत 'जुना'. भिंगरीनं ते मोठ्या जेनं लिहिलं तर उत्तर आलं, असं काही इथे नाही. छोट्या जेनं लिहिलं तर दार उघडलं.

"मोठा जे आणि छोटा जे याला वेगळे वाटतात," पंतोजी म्हणाला. "हा फार काटेकोर आहे. लिहिलंय तेच करतो, मनातलं ओळखत नाही." हे वाक्य भिंगरीनं ऐकलं, पण नुसतं कानानं.

आत पाच खोल्या होत्या. शेपूट वाकून एकेक अक्षर वाचायला लागली. "ईकेईके. डीकेडीके. सीकेसीके. एनकेएनके. आणि हे शेवटचं चिमुकलं, ईएच." तिला हसू आवरेना. तिनं ती नावं आपल्या वहीत उतरवून घेतली आणि लगेच चाल लावून गायलाही लागली. "ईकेईके, डीकेडीके..."

"आठवणी कुठे आहेत?" भिंगरीनं सगळी नावं पुन्हा पाहिली. आठवणी नाही, आजी नाही, कळेल असा एक शब्द नाही. एका फोल्डरात शिरून तिनं आतली फाईल पडद्यावर ओतून पाहिली, तर ओळीच्या ओळी तसल्याच. स्वल्पविराम, प्रश्नचिन्हं, के, के आणि पुन्हा के. वर दर आज्ञेनंतर कॉम्प्युटर कुरकुरत होता, डिस्कवर जागा शिल्लक नाही.

तिनं दुरुस्तीकाकांना फोन लावला. मागे कसलीतरी खडखड चालली होती.

"जुना माल सगळा त्याच डिस्कवर 'जुना'त सरकवलाय," ते म्हणाले. "तिथे नसेल तर नाहीच समजा. आणि जागा भरली असेल तर त्यातला कचरा उडवा. आर, एम, मग उणे चिन्ह, मग आर, मग नाव. चला, ठेवतो."

"आजोबांना विचारू आधी," पंतोजी म्हणाला.

"कचरा काढायला काय विचारायचं? आणि चुकलंच काही, तर कचरापेटीतून परत काढता येतंच की."

"ही सिस्टिम वेगळी आहे. मला पुस्तकात बघू दे, पाच मिनिटं."

पाच मिनिटं थांबली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण भिंगरीची बोटं निघाली होती. सगळ्यांत लहान म्हणून तिनं आधी ईएच उडवलं. कॉम्प्युटरनं खात्री करून घेतली नाही, काही विचारलंसुद्धा नाही. पट्टी नुसती पुढच्या ओळीवर येऊन लुकलुकत राहिली. मग तिनं एनकेएनके उडवलं, सीकेसीके उडवलं, डीकेडीके उडवलं, आणि पंतोजीला पुस्तकाचं पान सापडेपर्यंत ईकेईकेही गेलं. एलएस केलं तर पडदा मोकळा होता. कुरकुर थांबली होती.

"बघ, कसं चकाचक झालं," ती म्हणाली.

तेवढ्यात आजोबा चष्मा पुसत बाहेर आले. "सापडलं का रे? पहिलं 'मामा' उघडा बरं. तिच्या मामाच्या घोड्याची गोष्ट आहे त्यात, तिच्या बहिणीला फार आवडेल."

"मामा नावाचं काहीच नव्हतं, आजोबा," भिंगरी म्हणाली.

"नव्हतं कसं? माझ्या हातानं नाव दिलंय मी. मामा, काका, बाबा, दादा, सगळी ओळीनं." ते पडद्याकडे बघत राहिले आणि मग कसंनुसं हसले. "असेल कुठेतरी. तुम्ही शोधा, मी चहा टाकतो."

"मामा कुठे गेला?" पंतोजी हळूच म्हणाला. "आजोबा खोटं बोलणार नाहीत. कॉम्प्युटरही खोटं बोलत नाही. मग दोघांचं जमत का नाही?"

भिंगरी रिकाम्या पडद्यावर पुन्हा पुन्हा एलएस करत राहिली.

कोडं सुटलं ते शेपटामुळे, आणि तेही तिच्या नकळत. मोठी दोघं तोंड पाडून बसल्यावर तिला कंटाळा आला. तिनं टायपरायटरची टोपी काढली, कागद अडकवला आणि आपलं गाणं टाईप करायला बसली.

"याच्यावर ई नाहीच आहे," तिनं तक्रार केली. "सगळी मराठी अक्षरं आहेत."

"मराठीचाच टायपरायटर आहे तो," पंतोजी म्हणाला. "ई जिथे असतो तिथलं बटण दाब की."

शेपटानं उठून कॉम्प्युटरचा कीबोर्ड पाहिला. ई वरच्या ओळीत, तिसरा. ती परत टायपरायटरकडे गेली आणि वरच्या ओळीतलं तिसरं बटण दाबलं. खट्. के मधल्या ओळीत, आठवा. खट्. पुन्हा तिसरं, पुन्हा आठवं.

"ताई," ती म्हणाली. "इथे मामा आलं."

दोघंही उठून उभे राहिले. कागदावर निळ्या शाईत स्पष्ट 'मामा' लिहिलेलं होतं.

"पुढचं टाईप कर," पंतोजीचा आवाज बदलला होता. "डीकेडीके."

काका. मग बाबा. मग दादा. दर वेळी के होता तिथे काना पडत होता. म्हणून तर सगळीकडे के होते.

स्वयंपाकघरातून कपांचा आवाज येत होता. पंतोजीनं दाराशी जाऊन अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजोबा, टाईप करताना तुम्ही पडद्याकडे बघायचा नाहीत का?"

"पडद्याकडे?" आजोबांना गंमत वाटली. "बोटांकडे नाही, पडद्याकडे नाही. चाळीस वर्षं तेच शिकवलं मी. नजर कागदावर, नाहीतर समोर. बोटांना मराठी पाठ आहे, त्यांना बघावं लागत नाही."

झालं. बोटांनी नेहमीसारखं मराठीच टाईप केलं होतं. लिहायच्या प्रोग्राममध्ये जुना मराठी फाँट होता, तिथे ते मराठी दिसायचं. पण फोल्डरला नाव द्यायच्या चौकटीत तो फाँट नव्हता. तिथे त्याच बटणांची इंग्रजी अक्षरं पडली, आणि आजोबांनी ती एकदाही पाहिली नाहीत.

"आणि ईएच?" भिंगरीनं विचारलं. तिला उत्तर नको होतं.

शेपटानं वरच्या ओळीतलं तिसरं बटण दाबलं, मग मधल्या ओळीतलं सहावं. म, आणि त्याला वेलांटी, दुसरी.

मी.

भिंगरी खुर्चीत बसली. आजीच्या मामाला, काकाला, बाबांना आणि दादाला तिनं दहा मिनिटांपूर्वी कचरा म्हणून उडवलं होतं, आणि सगळ्यांत आधी आजीला.

"कचरापेटी शोध," ती पंतोजीला म्हणाली. "शोध ना."

पंतोजीच्या पुस्तकात ते पान उघडंच होतं. त्यानं ते तिच्यापुढे धरलं नाही, नुसतं सांगितलं. "कचरापेटी नाहीये. आर-एम म्हणजे गेलं. यात परत आणायची आज्ञा नाही."

"आजोबांना सांगू नका. आत्ताच नको. आधी काहीतरी करू."

"सांगावं लागेल."

"सांगीन मी. पण आधी काहीतरी करू या, प्लीज."

तिघांनी चहा न पिताच कॉम्प्युटर पुढून-मागून तपासला. पेटीच्या पाठीवर दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. एक कालची. दुसरी धुळीनं माखलेली, चार महिन्यांपूर्वीची. तिच्यावर दुरुस्तीकाकांचं अक्षर होतं: डिस्क बदलली, माल उतरवून पुन्हा भरला.

"उतरवून म्हणजे कुठे उतरवून?" पंतोजी म्हणाला.

"त्यांच्या दुकानातल्या मशीनवर," भिंगरी म्हणाली आणि दाराकडे पळाली. मग थांबली. मागे वळून तिनं शेपटाची वही घेतली, ईकेईकेचं स्पेलिंग पुन्हा एकदा वाचून पाहिलं आणि मग निघाली.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना उघडी पडलेली मशीनं, त्यांतून लोंबणाऱ्या वायरी, टेबलावर स्क्रूंच्या बशा. दुरुस्तीकाका एका पंख्याला फुंकर मारत होते.

"चार महिन्यांपूर्वीचं?" ते हसले. "मी दर आठवड्याला मशीन साफ करतो. शिस्त म्हणजे शिस्त."

शेपटानं टेबलावरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट त्यांना दाखवलं. दुरुस्तीकाकांनी तिकडे पाहिलं नाही.

"आम्हाला बघू द्या की एकदा," भिंगरी म्हणाली.

"माझ्या मशीनवर खिडक्या नाहीत हं. काळा पडदा आहे. तुम्हा पोरांना त्यात काय कळणार?"

"मग बघू द्यायला काय हरकत आहे? कळणारच नसेल तर काही बिघडणार नाही."

दुरुस्तीकाकांनी हातातल्या पंख्यानंच एका मशीनकडे खूण केली. "पाच मिनिटं," ते म्हणाले. "माझं हे काम होईपर्यंत."

भिंगरी बसली. या वेळी तिनं आधी पीडब्ल्यूडी लिहिलं. मी कुठे आहे. मग एलएस. गिऱ्हाइकांची शेकडो नावं झरझर वर गेली. शिंपी, दवाखाना, छापखाना, पुन्हा दवाखाना. दुरुस्तीकाकांची शिस्त सगळी समोर येऊन पडली. तिनं एकातही पाऊल टाकलं नाही.

"नावानं शोधायची आज्ञा कुठली?" तिनं विचारलं.

"फाइंड," पंतोजी म्हणाला. "आणि गंमत बघ, 'मामा' असं नीट नाव असतं तर शंभर सापडले असते. ईकेईके जगात एकच असणार."

तिनं अक्षर न् अक्षर वहीतून उतरवलं. एंटर मारण्याआधी पुन्हा वाचलं. मशीन थोडा वेळ गुरगुरलं आणि एक लांब ओळ उमटली. शेवटी ईकेईके होतं, आणि त्याच्या आधीच्या खोलीचं नाव होतं 'तात्पुरतं'.

"दर आठवड्याला साफ," शेपूट म्हणाली.

दुरुस्तीकाका मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी मान खाजवली. "अरे, हे होय? मला वाटलं, डिस्क खराब झाली म्हणून उगवलेला कचरा आहे. नाव तरी बघा कसलं."

"मलाही तेच वाटलं," भिंगरी म्हणाली. तिला त्यांचा राग यायला हवा होता, पण तिचा सगळा राग आधीच एका जागी खर्च झाला होता.

त्या खोलीत शिरून तिनं एलएस केलं. ईकेईके, डीकेडीके, सीकेसीके, एनकेएनके. चार. तिनं पुन्हा एलएस केलं. चारच. मग फाइंड लिहून ईएच शोधलं. मशीन गुरगुरलं, थांबलं, आणि पट्टी रिकाम्या ओळीवर लुकलुकत राहिली. तिनं आणखी दोनदा शोधलं. पंतोजीनं तिला थांबवलं नाही.

"हे चार महिन्यांपूर्वीचं आहे," शेवटी तो म्हणाला. "'मी' नंतर लिहिलं असणार."

परत येताना त्या चार खोल्या उतरवून घेतलेला पेन ड्राइव्ह भिंगरीच्या मुठीत होता. रस्ता तोच होता, पण ती पहिल्यांदाच चालत आली. आजोबा दारातच उभे होते. चार कप तसेच झाकून ठेवले होते.

"आजोबा," तिनं चपलाही काढल्या नाहीत. "मामा, काका, बाबा, दादा सापडले. ते मीच पुसले होते. मला ती नावं कचरा वाटली. पंतोजी थांब म्हणत होता. आणि पाचवं होतं 'मी', ते सापडलं नाही. ते गेलं. माझ्यामुळे गेलं."

आजोबा खाली बसले. ते टायपरायटरवरच्या कागदाकडे बघत होते. शेपटानं टाईप केलेलं 'मी' तिथे सगळ्यांत खाली होतं.

"वर्षभर तिनं सगळ्यांचं सांगितलं," ते म्हणाले. "मी म्हणायचो, आता तुझं सांग. ती म्हणायची, माझं काय मेलं सांगायचं. अगदी शेवटी तयार झाली. दीड महिना सांगत होती."

"तुम्हाला आठवत असेल ना? तुम्ही सांगा, मी लिहून घेते. सगळं लिहून घेते."

आजोबांनी मान हलवली. "तेच तर होत नाही, बाळ. टायपिस्टला मजकूर आठवत नाही. मी मुलांना काय सांगायचो? अर्थाकडे लक्ष गेलं की चूक होते, अक्षराकडे लक्ष द्या. तिचं बोलणंसुद्धा मी तसंच घेतलं. कानातून आलं, बोटांतून गेलं. वाटायचं, मागाहून निवांत वाचू." त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. "तू आज पुसलंस. मी तेव्हाच ऐकलं नव्हतं."

भिंगरीला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. शेपूट तर आधीपासूनच रडत होती, आणि पंतोजी चष्मा काढून उगाच पुसत बसला होता.

मग नाक ओढत शेपूटच म्हणाली, "तुम्हाला आठवत नाही. पण बोटांना पाठ असतं म्हणालात ना?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. खुर्ची ओढून ते टायपरायटरसमोर बसले, नवा कागद अडकवला, बोटं मधल्या ओळीवर ठेवली आणि नजर समोरच्या भिंतीवर. वरच्या ओळीतलं तिसरं. मधल्या ओळीतलं सहावं. मग बोटं एकदम चालायला लागली.

'मी लहानपणी फार उतावळी होते. कुणी थांब म्हटलं की मी आधी पळायचे आणि मग विचारायचे, का थांबू. त्यापायी मी एकदा आईची फार मोठी वस्तू फोडली.'

अकरा ओळी झाल्या. बाराव्या ओळीत बोटं अडखळली, दोन अक्षरं पुढे गेली, मागे आली आणि थांबली. आजोबांनी पुन्हा सुरुवातीपासून करून पाहिलं. त्या दिवशी चार वेळा, दुसऱ्या दिवशीही. दर वेळी अकरा ओळी, अक्षरही न बदलता. आजीनं आईची कुठली वस्तू फोडली ते त्या ओळींत नव्हतं.

बाकीच्या चार आठवणी दुरुस्तीकाकांनी जुना फाँट घालून छापून दिल्या, मोठ्या अक्षरात. स्वतः घरी आणून दिल्या आणि म्हणाले, "यापुढे कुणाचं मशीन घेताना आधी विचारीन, आत काय आहे." आजोबांसाठी त्यांनी पूर्वीची, खिडक्यांची सिस्टिमही परत बसवून दिली.

रविवारी आजीची बहीण आली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, आजीसारखीच मान तिरकी करून बघणारी. मामाच्या घोड्यापाशी ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. कोडं कसं सुटलं ते आजोबांनी साग्रसंगीत सांगितलं. मग भिंगरीची आई, बाबा, सगळेच कौतुक करायला लागले. शेपटाच्या गाण्याचं झालं, पंतोजीच्या फाइंडचं झालं, भिंगरीनं दुकानात दुरुस्तीकाकांना कसं गप्प केलं त्याचंही झालं. भिंगरी खाली मान घालून बसली होती. कौतुक तिच्यापर्यंत पोचत होतं, पण आत शिरत नव्हतं.

बहीण शेवटच्या पानाशी आली. अकरा ओळी तिनं सावकाश वाचल्या. पान उलटलं तर मागे कोरं होतं. तिनं पुन्हा उलटून पाहिलं.

"पुढे?" तिनं विचारलं.

आजोबा काही बोलायच्या आत भिंगरी उभी राहिली. "पुढचं मी पुसलं," ती म्हणाली. "चुकून. पण मीच."

बहिणीनं ते पान मांडीवर ठेवलं आणि त्या अकरा ओळींवरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते.

"तिनं काय सांगितलं असेल ते आता कुणालाच कळायचं नाही," ती म्हणाली. "तिच्या तोंडून ते गेलंच." भिंगरीनं मान हलवली. हेच तिला आठ दिवस ठाऊक होतं. "पण फोडली ती आईची पाण्याची मोठी सुरई. मी तिथेच होते, चार वर्षांची. ती पळाली आणि मार मी खाल्ला. माझ्या बाजूनं सांगता येईल मला. तिच्या बाजूनं नाही."

"सांगाल?" भिंगरीनं विचारलं.

"सांगते. बस."

भिंगरी कॉम्प्युटरपाशी गेली. नवीन फोल्डर उघडून तिनं नावाच्या चौकटीत दोन बटणं दाबली, वरच्या ओळीतलं तिसरं आणि मधल्या ओळीतलं सहावं. पडद्यावर ईएच उमटलं. ते बरोबर आहे ना, हे तिनं नीट बघून घेतलं. मग ती खुर्ची वळवून आजीच्या बहिणीसमोर बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"लिहून घेत नाहीस?" बहिणीनं विचारलं.

"घेणार आहे," भिंगरी म्हणाली. "आधी ऐकते."

आजोबांनीही आपली खुर्ची जवळ ओढली.